बत्तीस ओळींची जागा

युद्धाच्या दिवसांत आमच्या गावातले लोक बातम्या वाचायचे सोडून कोबी वाचायला लागले. याचं सगळं श्रेय जुळारीकाकांचं.

काका संध्याकाळच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, पट्टीत उलटं बसवायचं, ओळ भरली की पुढची. तीस वर्षं हेच. बोटं करड्या रंगाची झाली होती, ती साबणाला दाद देत नसत. मजकुराशी मात्र त्यांचा काही संबंध नव्हता. "वाचायला गेलो की हात अडतो," असं ते म्हणत. भाषणं, खून, लिलाव, सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. घरी आल्यावर काकूंनी "आज काय विशेष?" असं विचारलं की त्यांना खरंच काही सांगता यायचं नाही. मग काकूच पेपर वाचून त्यांना सांगायच्या.

युद्ध सुरू झालं आणि छापखान्यात सरकारी तपासनीस येऊन बसला. खिडकीशी टेबल, हातात लाल पेन्सिल. माणूस तसा भला होता. "माझं काही नाही हो यात," म्हणत म्हणत अख्खी बातमी कापायचा. कापलेली जागा कोरी ठेवायची नाही, असा वर हुकूम. कोरी दिसली तर काहीतरी कापलंय हे लोकांना कळणार. पहिल्या दिवशी छपाईला वीस मिनिटं उरली होती आणि संपादक डोक्याला हात लावून बसले होते. काका खणांपाशी गेले आणि कोबी आठवडाभर कसा टिकवावा हे त्यांनी सरळ खिळ्यांतच जुळवलं. कागदावर लिहिलंसुद्धा नाही. सहा ओळी. जागा भरली.

तेव्हापासून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. कोबी झाला, शाईचे डाग झाले, ढेकणांचा बंदोबस्त झाला. कापलेल्या बातमीबद्दल बाहेर ब्र काढणार नाही, अशा कागदावर त्यांनी सही केली होती. काढला तर तुरुंग. काकांना त्याचं ओझं वाटलं नाही. जे आपण वाचतच नाही ते बोलणार कुठून?

पण लोक काही दूधखुळे नव्हते. महिन्याभरात त्यांनी हिशेब बसवला. सरकारी पत्रकात आपलं सैन्य रोज ठरल्याप्रमाणे मागे येत होतं, त्यातून कुणाला काही कळायचं नाही. कोबीतून कळायचं. चार ओळी म्हणजे किरकोळ. दहा ओळी म्हणजे एखादं शहर गेलं. ढेकणांनी वीस ओळी व्यापल्या त्या संध्याकाळी दुकानातलं रॉकेल संपलं. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, "आज डागांवर पाचच ओळी आहेत. घाबरू नका." काकूही बोटांनी मोजायच्या. त्यांना मोजावंच लागे. मुलगा आघाडीवर होता, सतराव्या तुकडीत.

त्याच्या पत्रांनाही काळं फासलेलं असायचं. काकू पत्र उजेडासमोर धरून काळ्या पट्ट्यांमागचं काही दिसतं का बघायच्या. काही दिसायचं नाही. शेवटच्या पत्रात त्या काळ्यातून फक्त एक वाक्य वाचलं होतं. पाच दिवस बूट ओले आहेत, वाळतच नाहीत.

एका मंगळवारी सकाळी काकांनी एक बातमी जुळवायला घेतली. नदी, पूल, माघार. बोटं नेहमीसारखी चालली होती. मग त्यांनी एकचा आकडा उचलला, सातचा उचलला, आणि हात अडला.

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पट्टीतली ओळ वाचली. पूल उडवला गेला होता. सतरावी तुकडी पलीकडच्या काठावर राहिली होती. तिच्याशी संपर्क नव्हता. बस, एवढंच. बाकीच्या ओळी शौर्याच्या होत्या.

त्यांनी बातमी पुरी जुळवली. तपासनीसाने कच्च्या छपाईचा ओला कागद वाचला आणि वरपासून खालपर्यंत लाल रेघ ओढली.

"सगळी?" संपादकांनी विचारलं.

"सगळी. माझं काही नाही हो यात."

"किती जागा, काका?"

"बत्तीस ओळी."

बत्तीस ओळी आजवर कधी भरल्या नव्हत्या. काकांच्या डोळ्यांसमोर काकूंची बोटं आली, ओळींवरून खाली खाली सरकणारी. ते म्हणाले, "साबणाची जाहिरात थोडी फुगवली तर?"

"ती फुगवून फुगवून घोडा झालीय. तुम्ही लिहा हो काहीतरी. काय वाट्टेल ते लिहा."

मग काकांनी डोकं लढवलं. दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घातल्या, एकीच्या जागी दोन. शब्द ऐसपैस बसवले. वर नक्षीची रेघ टाकली, खाली टाकली. बत्तीसच्या जागेत चौदा ओळी बसल्या. चौदा म्हणजे वाईट, पण सोसण्याइतकं वाईट. ओळींचा आकडा खाली आणला या समाधानात त्यांनी मजकुराकडे लक्षच दिलं नाही. तो नेहमीप्रमाणे हातांवर सोडून दिला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा काकू खिडकीशी पेपर घेऊन बसल्या होत्या.

"चौदा आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"भारी विरळ चौदा आहेत. गाडी जाईल मधून."

"नवीन पद्धत आहे."

काकूंनी पेपर त्यांच्यासमोर धरला. काकांनी आपलाच मजकूर तेव्हा वाचला. ओले बूट कसे वाळवावेत. आत चुरगळलेला कागद कोंबावा. तासातासाला बदलावा. विस्तवाजवळ ठेवू नयेत, चामडं तडकतं. पाय कोरडे ठेवावेत. रात्री मोजे छातीशी घेऊन झोपावं.

"अहो, तुम्ही जन्मात बूट घातलेत का?"

काका चपला काढत होते. एक निघाली, दुसरी निघेना.

"किती होत्या खऱ्या?"

सहीचा कागद त्यांना आठवला. ओळींचा आकडा त्यात नव्हता.

"बत्तीस."

"त्यात तुकडी होती?"

काका दुसरी चप्पल ओढत राहिले.

"सतरावी?"

त्यांनी मान हलवली नाही. हलवायची नाही असं ठरवल्यावर मान जशी ताठ होते तशी ती झाली. काकूंनी ती पाहिली आणि पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली. "जिवंत..." म्हणाल्या आणि थांबल्या.

"तुकडी नदीपलीकडे राहिलीय, तेवढंच कळलंय. पुढचं कुणालाच माहीत नाही," काका म्हणाले. सही मोडली ती एवढ्याशा गोष्टीसाठी, आणि तिचा उपयोगही नव्हता.

इतक्यात शेजारीण दारात आली. हातात तोच पेपर.

"काकू, बुटांवर चौदा ओळी! आमचे हे म्हणतात, काहीतरी मोठं झालंय. काकांना विचारा ना."

काका भिंतीकडे बघत राहिले. काकूंनी तिला बसायला खुर्ची सरकवली.

"कसलं मोठं," त्या म्हणाल्या. "जागा उरली असेल."

"खरंच?"

"उरते कधी कधी."

"मग बरं बाई. माझा जीव नुसता टांगला होता." शेजारीण खुर्चीत ऐसपैस टेकली. "पण उपाय चांगला दिलाय हो. आमच्या ह्यांच्या बुटांना लागू पडेल." तिने चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतलं. दोघांनी सगळ्या चौदा ओळी ऐकून घेतल्या.