गेअर टाकणारा नवरा

जगातल्या बहुतेक गाड्या एक माणूस चालवतो. आमची गाडी दोघं मिळून चालवायचो. स्टीअरिंग, क्लच, ब्रेक आणि आरडाओरडा माझ्याकडे, गेअर नवऱ्याकडे. मी क्लच दाबून "दुसरा!" म्हणायचे, मग शेजारच्या सीटवरचा हा गणिताचा मास्तर चष्मा सारखा करायचा, दांड्याकडे बघायचा आणि उजव्या हाताने तो ओढायचा. तोवर गाडीने चढावर मान टाकलेली असायची. राजूर घाटात मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी आमच्या खानदानाबद्दल जे काही उद्गार काढले, ते मी इथे लिहीत नाही.

या सगळ्याला कारण माझा डावा खांदा. एका सकाळी केस विंचरायला हात वर केला आणि तो कानापाशी येऊन अडकला. डॉक्टर म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. पन्नाशीच्या बायकांना होतो. वर्ष लागेल, दोनही लागतील." एस.टी. स्टँडच्या चौकशीच्या खिडकीतून गाडी लेट असल्याचं सांगतात, अगदी त्याच सुरात. तिसऱ्या गेअरसाठी हात पुढे लोटावा लागतो, आणि तेवढं केलं तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

गाडी माझी होती. म्हणजे पैसे माझे, हौस माझी आणि बोलणी खायचं कामही माझंच. जुनी जपानी स्पोर्ट्स कार, दोन दारं, दोन सीट, आणि उंची एवढी कमी की बुलढाण्यातला प्रत्येक गतिरोधक तिच्या पोटाची चौकशी करतो. पुण्याच्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडून घेतली तेव्हा कॉलेजात चर्चा अशी की वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचं डोकं फिरलं. रंग निळा आहे, एवढ्या एका गोष्टीवर आमची गल्ली खूश होती. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे लावता येईल, असं गल्लीने मला न विचारता ठरवूनही टाकलं.

नवऱ्याचा आक्षेप वेगळा होता. "मांगची सीटच नाही, त घेतली काऊन?" हा प्रश्न त्याने सहा वर्षं न कंटाळता विचारला. स्वतः स्कूटरवर शाळेत जाणार आणि माझ्या गाडीला "तुहं ते खेळणं" म्हणणार. खांदा आखडला तेव्हा तर त्याला जणू देवच पावला. "इकून टाक," तो म्हणाला. "ऑटोमॅटिक घे एखादी. चार जण बसतीन, भाजी बसीन." पुरणपोळी खाणाऱ्या माणसाला साबुदाण्याची पेज सुचवावी, तसा हा सल्ला.

मी इकली नाही. "खांदा बरा होईस्तोवर गेअर तुम्ही टाका," मी म्हणाले. "दोन-चार रविवार, त्याच्यावर नाही," असं बजावून तो बसला. मोताळ्याला माझी बहीण राहते. तिच्या शेतातली वांगी आणायची हे निमित्त, खरा उद्देश घाट. दोन-चार रविवारांचा पावसाळा झाला, मग हिवाळा झाला. मला मात्र दर वळणावर कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखं वाटायचं. माझी गाडी, माझा घाट, आणि तिसरा गेअर हवा तर अर्ज करा. त्याचा मला संताप यायचा. एकटीने दार ओढून घ्यावं आणि निघावं, एवढीच माझी मागणी होती.

मग एकदा स्टाफरूममध्ये मोबाइल चाळताना 'शॉर्ट शिफ्टर' सापडला. गेअरचा दांडा काढून त्याच्या जागी आखूड दांडा बसवायचा; हात वीतभर हलवायचा तिथे चार बोटं हलवला की गेअर पडतो. म्हणजे खांद्याला सुट्टी, काम फक्त मनगटाला. जे सामान पोरं शर्यतीत क्षणभर वाचवायला लावतात, ते मी केस विंचरता येत नाहीत म्हणून मागवलं.

नवरा भडकला. पैशावरून भडकेल हे मी धरून चालले होते, पण त्याने पैशाचं नावच काढलं नाही.

"आता चालूच आहे ना बराबर," तो म्हणाला. "मंग हे नवीन काय काढलं?"

"मले एकटीनं चालवाची आहे गाडी."

"जड होते म्हणे तो गेअर. दांडा लहान झाला का जोर जास्त लागते. तुह्या खांद्याले झेपणार नाही."

हे त्याने वाचून काढलं होतं. ज्या माणसाने सहा वर्षांत गाडीवर कव्हर घातलं नाही, त्याने गेअरबॉक्सचा अभ्यास केला होता! मी म्हणाले, बसवून पाहू. तो म्हणाला, ठीक आहे, पण नाही जमलं तर गाडी इकायची, मग रडायचं नाही. मी हो म्हणून बसले. रागात माणूस कशालाही हो म्हणतो.

चिखली रोडवरच्या गॅरेजात मिस्त्रीने खोका उघडला, नवा दांडा जुन्याशेजारी धरला आणि अत्यंत दुःखाने नवऱ्याकडे पाहिलं. "साहेब, फसोलं तुमाले. दांडा लहान पाठोला."

"लहानच पाहिजे," मी म्हणाले.

"साहेब, मॅडमले समजून सांगा. एवढे पैसे देऊन लहान माल कोणी घेते काय?"

गाडी माझी, खोक्यावर नाव माझं, बोलतेय मी. पण मिस्त्रीची उत्तरं सगळी साहेबांना. इतक्यात आमच्या गल्लीतले एक काका रस्त्याने जाता जाता थांबले. "जयभीम मॅडम. दांडा तुटला काय?" मी सांगितलं, तुटला नाही, आखूड करतेय. काका विचारात पडले. मग म्हणाले, त्यांच्या भाच्याच्या ट्रॅक्टरचा दांडा पाइप वेल्ड करून हातभर लांब केलाय, तसा करून घ्या, एकदम सोपा पडतो. मिस्त्रीला ही सूचना फारच पटली. तो वेल्डिंगचं मशीन आणायला निघालाच होता. गाडी वाचली ती केवळ वीज गेली म्हणून.

वीज नाही तर नाही, आता दांडा तरी बदला, म्हणून मी मागे लागले. मोबाइलवरचं चित्र मी धरून उभी राहिले. सीटांमधलं झाकण निघालं, रबर निघालं, तीन बोल्ट निघाले आणि जुना दांडा तेल गाळत वर आला. नवा आत गेला, वरून ग्रीस, परत बोल्ट. शेवटी दोन वॉशर उरले. "येतेत उरून," मिस्त्री म्हणाला आणि ते त्याने मोठ्या मनाने मलाच दिले.

जुना दांडा तो भंगाराच्या डब्यात टाकणार, तर नवरा म्हणाला, "राहू द्या." वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने तो घरी आणला आणि कपाटात ठेवला. कंजूष माणूस, मी मनात म्हणाले.

रविवारी मी एकटी निघाले. नवरा फाटकापर्यंत आला, "हळू," म्हणाला आणि आत गेला. गेअर खरंच जड होता. पावसात फुगलेल्या दाराची कडी सरकवावी तसा. पण मनगटाने सरकत होता. पहिला, दुसरा, मग तिसरा, आणि खांदा गप्प. घाट उतरताना मी मोठमोठ्याने हसत होते. किती महिन्यांनी ती गाडी माझी झाली होती! मोताळ्यात बहिणीने वांगी दिली. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून मी परत फिरले.

चढावरच्या अवघड वळणाला मी क्लच दाबला आणि ओरडले, "दुसरा!"

वांग्यांनी काही केलं नाही. मागून हॉर्न वाजला. मग मीच टाकला.

घरी आले तर नवरा ओट्यावर बसलेला. अंगात इस्त्रीचा शर्ट. घाटाच्या रविवारी तो असाच शर्ट घालायचा, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं.

"जमलं?"

"जमलं."

"मंग आता इकायची नाही."

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि पिशवी घेऊन आत गेला. मला वाईट वाटलं. पैज जिंकून वाईट वाटणं हा शुद्ध फालतूपणा आहे, पण वाटलं. शाळेत हा माणूस "आम्ही घाट चालवतो" असं सांगत फिरायचा, हे त्याच्याच एका सहकाऱ्याने मला मागे हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मी चिडले होते. म्हणे आम्ही!

पुढच्या रविवारी मी म्हणाले, "चला."

"मी काऊन? आता त सामान लावलं ना तू."

"वांग्यांची पिशवी कोण धरीन? मांगची सीट नाही ना गाडीले."

तो येऊन बसला. शर्ट आधीच घातलेला होता. गाडी सुरू झाल्यावर पाहिलं, तर उजवा हात त्याने स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला होता. घाट लागेपर्यंत मी तीन-चारदा गेअर बदलला आणि दर वेळी त्याचा दंड हलताना दिसला. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

उतरताना तेच अवघड वळण आलं. मी क्लच दाबला. खांदा अजिबात दुखत नव्हता.

"खांदा धरला," मी म्हणाले. "दुसरा टाका."

त्याने माझ्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. गणिताचा मास्तर आहे, हिशेब कळला नसेल असं नाही. हात मांडीखालून निघाला, दांड्यावर आला आणि जुन्या सवयीने त्याने तो जोरात मागे ओढला. चार बोटांवर खट्कन अडला.

"एवढासाच?"

"एवढासाच. आन् तरी उशीर केला तुम्ही."

"नवीन आहे, समजाले वेळ लागते," तो म्हणाला. वळण सरलं तरी हात दांड्यावरच होता. "सांग आता. तिसरा कवा?"