गोल पापडाची मजुरी

माझी मामी मागच्या उन्हाळ्यापर्यंत महामार्गावरच्या एका हॉटेलात भाकऱ्या करायची. करायची म्हणजे दाखवायची. हॉटेलाचं खरं स्वयंपाकघर आत आहे, तिथे गॅसवर ढीगभर भाकऱ्या होतात. मामीची चूल मात्र बाहेर, गाड्या लावायच्या जागेला लागून मांडलेली होती, म्हणजे गाडीतून उतरणाऱ्याला आधी ती दिसावी. घरी मामी गाऊनवर टॉवेल टाकून वावरते. तिथे तिला हॉटेलने दिलेली नऊवारी नेसावी लागायची. लोक तिचे फोटो काढायचे आणि आत जाऊन गॅसवरची भाकरी खायचे.

तिचं गाव हिर्डोशी. पहाटेची मुक्कामी एसटी धरून भोर, तिथून दुसरी गाडी नसरापूरकडे, आणि संध्याकाळी तेच उलट. धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की धुरापासून लांब राहा, नाहीतर अवघड आहे. मामी म्हणाली, "लांब ऱ्हाऊन खायाचं काय?" तेव्हा मी ठरवलं की तिचं हे काम सोडवायचं. मी भोरला आईवडिलांकडे राहते. इंग्रजी शाळेत शिकले, बी.कॉम. झाले, सध्या घरीच असते. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

मामी आणि तिच्या वाडीतल्या बायका दर उन्हाळ्यात नाचणीचे पापड करतात. तेवढे दिवस मामी हॉटेलात खाडा करायची. हे काम सावडीने चालतं. आज सगळ्याजणी हिच्या अंगणात लाटतात, उद्या तिच्या. भातलावणीतही हीच पद्धत. दिवसाला दिवस फेडायचा. कुणी भरभर लाटते, कुणी गप्पा मारत लाटते, पण दिवस तो दिवस. लहानपणी मला हे फार सुंदर वाटायचं. मागच्या उन्हाळ्यात याच सुंदर पद्धतीने माझं डोकं फिरवलं.

पुण्यातल्या एका दुकानाला मी ईमेल पाठवली होती. गावाकडच्या वस्तू विकणारं, काचेच्या बरण्या आणि तागाच्या पिशव्यांचं दुकान. मालकीणबाईंनी उलट एक तक्ता पाठवला. नाचणी, मीठ, पापडखार, तीळ, पिशवी, पार्सल आणि शेवटचा रकाना मजुरी. मी तो छापून घेतला. तो भरून नमुन्याचे पापड पाठवायचे. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

"मामी, दिवसाला किती तास लाटता?"

"घड्याळ कुठं बघतो आमी? ऊन हाय तवर."

"मग मजुरी काय लिहू?"

"कुणाची?"

"तुमची. सगळ्यांची."

मामीची थोरली जाऊ शेजारीच उकड मळत होती. तिला मी थोरली मामी म्हणते. ती मान वर न करता मामीला म्हणाली, "आता जावंला मजुरी देती व्हय गं? उद्या च्याचं बिल लावशील."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण मला दुसरं काही सुचत नाही. पण आतून मी चिडले होते. मी म्हटलं, "हॉटेलात भाकऱ्यांचे पैसे घेताच ना? मग पापडाचे का नाही?"

"ते दुसऱ्याचं घर हाय," मामी म्हणाली. "हितं आपलंच अंगण, आपल्याच बाया. नाचणीचं घे, तिळाचं घे, ते इकत आणलंय. हाताला काय इकत आणलंय?"

कॉलेजात तीन वर्षं मी हेच शिकले होते की वस्तूच्या किमतीत माणसाचं काम असतं. परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळवले होते. आणि इथे जिचं काम होतं तीच ते किमतीत धरायला तयार नव्हती. शेवटी मी स्वतःच शेतातल्या रोजाच्या दराने हिशेब मांडला. आलेला भाव ऐकून मामी घाबरलीच. "एवढ्याला म्या सुदिक न्हाई घ्यायची. खोड ते!" मी खोडलं. मजुरीच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि घरी येईपर्यंत एसटीत कुणाशी बोलले नाही. अर्थात मी एरवीही बोलत नाही.

नमुन्याच्या दिवशी बायकांनी आणखी एक गोष्ट केली, तीही मनापासून. पापड पुण्याला जाणार म्हणून प्रत्येक लाटलेल्या पापडावर स्टीलच्या डब्याचं झाकण दाबून कडा कापून काढल्या. घरच्यासाठी त्या कधीच असं करत नाहीत. हातानेच इतका गोल येतो की गरज नसते. पण शहरातल्या दुकानात जायचा माल, त्यात केसाइतकाही फरक नको, एकावर एक ठेवले तर पत्त्यांच्या कॅटसारखे बसले पाहिजेत. या कापण्यात अर्धा दिवस जास्त गेला.

बसून काय करायचं म्हणून मीही पाचसहा लाटले. एकीकडे जाड, दुसरीकडे इतके पातळ की खालचं प्लास्टिक दिसत होतं. कापायला गेले तर एका बाजूने झाकणच पापडाबाहेर जायचं.

"ह्यो पापड हाय का भोर तालुक्याचा नकाशा?" थोरली मामी म्हणाली. "ह्यो बघा घाट, ह्यो धरण."

"असू द्या. आमची इंग्लिश मेडम हाय ती," मामीने माझी बाजू घेतली, जी मला नको होती. अन्न टाकायचं नाही म्हणून माझे नकाशेही वाळवले आणि पुडक्यात सगळ्यात खाली घातले.

आठवड्याने मालकीणबाईंचा फोन आला. अनोळखी माणसाचा फोन उचलायच्या आधी मी तो तीनदा वाजू देते, तसाच हाही वाजू दिला.

"चव छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण हे मशीनचे आहेत ना?"

"नाही, हाताचे आहेत."

"हो का? इतके सेम टू सेम? आमच्या कस्टमरला पटणार नाही. मशीनचे त्याला कोपऱ्यावर निम्म्या भावात मिळतात. पण तळाला चारपाच होते बघा, वेडेवाकडे. ते कुणी केले?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक्झॅक्टली तसे पाहिजेत. त्यात हात दिसतो. तसे देणार असाल तर दर महिन्याला ऑर्डर देते. भाव तुम्ही लिहिलाय त्यापेक्षा थोडा जास्तही चालेल."

ते मी केलेत, आणि मला पापड लाटता येत नाहीत, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग उशीर झाल्यावर सुचतात तशी सगळी उत्तरं सुचली. हात दिसतो म्हणजे काय? चाळीस वर्षं लाटून जो हात इतका तयार झाला, तो दिसत नाही. आणि जो हात पहिल्यांदा लाटणं धरतो, तो दिसतो?

दुसऱ्या दिवशी हिर्डोशीला जाऊन मी सगळं सांगितलं. मग थोरली मामी म्हणाली, "मंग हिलाच बसवा लाटायला. हिच्यागत कुणाला यायचं न्हाई."

मामीने मात्र मनावर घेतलं, कारण दर महिन्याची ऑर्डर म्हणजे हॉटेल सुटणार, हे ती विसरली नव्हती. तिने गोळा घेतला आणि वाकडं लाटायला बसली. गोल झाला. पुन्हा घेतला. पुन्हा गोल. डाव्या हाताने लाटून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. लाटणं फिरायला लागलं की पापड आपोआप फिरायचा आणि गोल व्हायचा. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कशी करतीस गं?" हे ती खरंच विचारत होती. न येणं कसं शिकवायचं?

सबंध दुपार गेली. प्रत्येक पापडाला मध्येच लाटणं थांबवायचं, बोटाने कड ओढायची, पुन्हा एकाच बाजूला दाबायचं. बोलता येईना, गाणं म्हणता येईना. थोरली मामी वैतागून उठूनच गेली. संध्याकाळपर्यंत जेमतेम एक ताट भरलं. मामीने लाटणं बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, "लाव त्या बाईला फोन. म्या बोलते."

रेंज फक्त शाळेच्या पायरीवर येते. तिथे उभं राहून मी फोन लावला आणि मामीच्या हातात दिला.

"नमस्कार ताई. तुमचे वाकडे पापड करतो आमी. पर त्याची मजुरी पडंल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "आवं, गोल आपसूक होतो, तो गप्पा मारताना बी होतो. वाकड्याला ध्यान द्यावं लागतं. अंगणातल्या समद्या बाया गप बसत्यात. ते आमाला फुकट जमायचं न्हाई." मग तिने आकडा सांगितला. मी खोडला होता, तोच. वर थोडं आणखी.

मालकीणबाई लगेच हो म्हणाल्या. लगेच!

मला आनंद व्हायला हवा होता. मी पायरीवरच मामीशी भांडले. एवढं मोठ्याने मी घराबाहेर कधी बोलले नसेन. "झाकण लावून कापत बसलात, अर्धा दिवस जास्त गेला, त्याची मजुरी शून्य! आणि बिघडवायची मजुरी घेताय?"

"चांगलं करायचं ते आपल्या हाताचं हाय," मामी शांतपणे म्हणाली. "ही त्यांची हौस. हौशीचे पैसे पडत्यात."

"पण मामी, त्या चांगल्याचेच पैसे..."

"तू तक्त्यात लिव बघू आता. आणि जाऊबाईचं बी लिव."

थोरली मामी परत येऊन अंगणात वाटच बघत होती. मजुरी ठरली म्हटल्यावर तिने "माझी किती?" एवढंच विचारलं. मी तिला तिच्याच शब्दांत टोमणा मारू शकले असते. मारला नाही. तक्त्यात आकडा लिहिताना बॉलपेन कागदात रुतत होता. शून्याच्या जागी आकडा आला होता, पण तो कशाचा आहे हे त्या रकान्यात लिहायला जागा नव्हती. गोल पापडाचा त्यात एक पैसाही नव्हता.

पुढच्या सोमवारी मी मामीकडेच मुक्कामाला होते. मुक्कामी एसटी हॉर्न वाजवत गेली तेव्हा मामी अंथरुणातच होती. आदल्या दिवशी हॉटेलात जाऊन ती नऊवारी परत देऊन आली होती. उन्हं आल्यावर चौघीजणी अंगणात बसल्या. कुणीच बोलत नव्हतं. मामी ओठ आवळून, लाल डोळे बारीक करून एका पापडाची कड ओढत होती.

"परत झाला मेला गोल," ती म्हणाली, आणि तो पापड मोडून पुन्हा गोळा करायला घेतला.