पाच वेळा लिहिलेली चूक

मागच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी, इंद्रपुरीतल्या आमच्या घरी माझा चष्मा मोडला... मीच त्याच्यावर बसलो. दुकानदार म्हणाला, नवा दोन दिवसांनी मिळेल.

यात पोस्ट लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण मला हे सांगायलाच हवं.

माझी धाकटी, सई, बारावीला बायोलॉजीत नापास झाली. तिला नर्सिंगला जायचंय आणि सप्लिमेंटरी आठ दिवसांवर आली होती. "मला आता शिकायचंच नाही," असं ती आईला म्हणाली होती. मला नाही... माझ्याशी तिचं बोलणंच कमी झालं होतं.

अभ्यास मीच घेत होतो. नियम एकच... प्रत्येक उत्तर पाच वेळा लिहायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. तिचा दादा असंच लिहून लिहून इंजिनिअर झाला. लहानपणी सई येरझारा घालत मोठ्याने वाचायची, पण दादाची परीक्षा आणि घर दोन खोल्यांचं, म्हणून मी तिला गप्प बसवलं. दादा नोकरीला पुण्याला गेला, तरी नियम तसाच राहिला.

रोज कामावरून आलो की मी तिची वही तपासायचो. तपासायचो म्हणजे काय, पाच वेळा लिहिलंय ना, तेवढं बघून टिक करायचो.

त्या दिवशी चष्माच नव्हता. म्हटलं, "आज तोंडीच सांग."

आधी अडखळली. मग उठली आणि फेऱ्या मारत हृदयाबद्दल बोलू लागली. व्हॉल्व्ह शब्द आला आणि माझे कान टवकारले, कारण फिटर म्हणून कारखान्यात मी जन्मभर व्हॉल्व्हच बसवत आलोय. विचारलं, "तो गळायला लागला तर?"

सई हातवारे करून रक्ताची वाट दाखवायला लागली. इथून येतं, इकडे जातं, मग फुप्फुसात... आणि एकदम थांबली.

"बाबा, रुको... ये तो उल्टा है!" घाईत तिच्या तोंडून शाळेतली हिंदीच निघाली.

वही आणून तिने मला वाचून दाखवलं. अशुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला... पाचही वेळा, सुरेख अक्षरात. प्रत्येकाखाली माझी लाल टिक.

"लिहिताना नुसता हात चालतो, बाबा. बोलले की कळतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणायचात ना, आवाज नको."

मी स्वतः मॅन्युअल वाचून कधी काही शिकलो नाही, मशीन हाताने खोललं तेव्हाच शिकलो. आणि मुलीला मात्र दादाच्या मापाचे कपडे घालत बसलो... फार लाज वाटली.

पुढचे दिवस ती बोलत राहिली, मी ऐकत राहिलो. निम्मं डोक्यावरून गेलं, पण प्रश्न विचारत राहिलो. नवा चष्मा आला तरी वही मागितली नाही.

काल पेपर झाला. हृदयावरचा प्रश्न आला होता. गेटबाहेर येऊन म्हणाली, "लिहिताना तुमचाच आवाज ऐकू येत होता... गळायला लागला तर?"

रिझल्ट काय लागेल, माहीत नाही. आज सकाळी मात्र चहा घेताना ती मैत्रिणींचं काहीबाही सांगत बसली... अभ्यासाचं एक अक्षर नाही, चांगला अर्धा तास.

सई, इतकी वर्षं तुला गप्प बसवलं, त्याबद्दल बाबाला माफ कर. बोलत राहा. मी ऐकतोय.