चोकवाली ट्यूबलाइट

मालवण बंदराजवळच्या एका इंजिन-मेकॅनिकच्या अंधाऱ्या शेडमध्ये मी एकदाच गेलो, काकांच्या होडीचं इंजिन घेऊन.

इंजिनाच्या चाकावर खडूने रेघ ओढून त्याने ते सुरू केलं आणि वरची जुनी, चोकवाली ट्यूबलाइट लावली. एलईडी त्याला चालत नसे. अशी ट्यूबलाइट विजेच्या तालावर सारखी लुकलुकत असते, आपल्याला ते कळत नाही. पण चाकाचा वेग तिच्याशी जुळला की फिरती रेघ जागीच थबकल्यासारखी दिसते. रेघ थबकेपर्यंत जीभ गालात दाबून तो वेगाचा स्क्रू पिळत राहिला.

मला हसू आलं. माझाही धंदा हाच. सेकंदाला तीसदा गरगरणाऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याच्या प्रकाशाचे ठोके मी दुर्बिणीने टिपतो आणि तिच्या घड्याळाशी ताडून बघतो. हल्ली ते उशिरा येत होते. ताऱ्याची गती अचानक मंदावली, असा शोधनिबंधही मी लिहून ठेवला होता. हे त्याला सांगत होतो, तेवढ्यात थबकलेली रेघ हळूच सरकली.

"बघा, चाक बिघडलं," मी म्हणालो.

त्याने स्क्रूला हातही लावला नाही. "रेघ सरकली म्हणान चाकाक दोष कित्याक देतस? आधी दिव्याक इचार. आज लायट बरी नाय."

परत गेल्यावर मी दुर्बिणीचं घड्याळ तपासलं. तेच पुढे धावत होतं. तारा बिचारा वेळेवर होता.

तो निबंध फाडला. पुढच्या निबंधात आभार मानताना लक्षात आलं, त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. मग 'मालवणच्या एका ट्यूबलाइटचे आभार' असं लिहिलं. संपादकांनी ते खोडलं. मी परत लिहिलं.