डॉक्टरांच्या पुढची खुर्ची

रविवारी दुपारी क्लबात रमीची तीन-चार टेबलं लागतात. मी गेल्या गेल्या बसत नाही. जुनी यंत्रं घेण्या-विकण्यात जन्म गेला, त्यामुळे आधी लांबून बघायची सवय आहे. विचार न करता चांगली पानं टाकून देणारा माणूस हेरायचा आणि त्याच्या पुढची खुर्ची धरायची, म्हणजे त्याने टाकलेलं पान उचलायचा पहिला हक्क आपला.

आमचे डॉक्टर असे उधळे. काल त्यांच्या पुढच्या खुर्चीवर देशमुख होता. मला बघताच तो उठला. "या शेठ, बसा इथे." हाच देशमुख मागे भर सभेत म्हणाला होता, "भंगारवाल्याला कमिटीत कशाला?"

माझं डोकंच फिरलं. "तुझी खुर्ची तुलाच लखलाभ!" म्हणून मी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलो.

"शेठ, खुर्चीचासुद्धा भाव करता?" डॉक्टर हसले. देशमुख हसला नाही. परत त्याच खुर्चीत बसला आणि डॉक्टरांनी टाकलेली राणी त्याने उचलली.

फुकट मिळणाऱ्या वस्तूत खोट शोधायची, यावर मी शून्यातून धंदा उभा केला. खोट सापडली की बरं वाटतं. काल सापडली नाही. मी नाही म्हणणार हे ओळखूनच तो उठला असेल, किंवा त्याला खरंच ते जुनं मिटवायचं असेल. विचारता आलं असतं. पण तो खरं बोलला असता, तरी मला पटलं नसतं.