थरथरत्या पट्ट्याचं सोवळं

चामराजपेटेत अंबुबाई म्हणून विचारलं असतं तर चार जणांनी माना हलवल्या असत्या. अंबुअक्का म्हटलं की शेंबडं पोरही तुम्हाला गल्लीच्या टोकाच्या मठात, मागच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. त्या दाराआड मठाचं स्वयंपाकघर होतं. कागदोपत्री त्याची व्यवस्था अक्काच्या धाकट्या दिरांकडे, आप्पाजींकडे होती. पण तीस वर्षं चुलीवर राज्य चाललं ते अक्काचं. आराधनेला, म्हणजे मठाच्या स्वामींच्या पुण्यतिथीला, तीनशे पानं उठायची. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही हा सोवळ्याचा नियम, तेव्हा उकळत्या सारूच्या, म्हणजे पातळ आमटीच्या, वासावरून ती मीठ सांगायची, आणि ते कधी चुकायचं नाही.

घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन रुजलेलं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. अक्का बाविसाव्या वर्षी विधवा झाली. दहाव्या दिवशी तिला मागच्या अंगणात पाटावर बसवलं आणि न्हाव्याला बोलावलं. तिला विचारलं कुणीच नाही. अंगावर लाल आलवण आलं आणि सासूनं बजावलं की आता कोपऱ्यात बसून खायचं, कुणाच्या नजरेला पडायचं नाही. अक्का वर्षभर बसून खात होती. ते वर्ष आपल्या आयुष्यातलं सर्वांत उपाशी वर्ष होतं असं ती पुढे सांगायची. मग तिच्या लक्षात आलं की केस उतरवलेली बाई देवाचा स्वयंपाक करायला चालते, नव्हे, तिचंच सोवळं सर्वांत कडक मानतात. नियम त्यांचा होता. तिनं तो उचलला, ओली आलवणं पिळली आणि सरळ मठाच्या चुलीपुढे जाऊन बसली.

अशा बाईचा उजवा खांदा अठ्ठावन्न साली धरला. आधी नुसतं दुखणं, मग हात छातीच्या वर जाईना. पिंपाएवढ्या हंड्यात सारू ढवळायचा लांब दांड्याचा पितळी डाव उंच खुंटीला टांगलेला असायचा; तिच्याच उंचीला बेतून तीस वर्षांपूर्वी ठोकलेली खुंटी, आणि आता तिथवर हात पोचेना. मार्केटजवळच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि या वयात असं व्हायचंच, दोन वर्षांत सुटला तर सुटेल, असं सांगून हात झटकले. त्याचे दोन्ही हात बरे होते, त्याला झटकणं सोपं होतं.

आप्पाजी तसे वाईट मनाचे नव्हते. ते फक्त सोयीचे होते. त्यांनी सून अहल्येला चुलीशी बसवलं आणि अक्काला गोड आवाजात सांगितलं की खूप केलंत, आता बसून खा. तेच दोन शब्द, तीस वर्षांनी पुन्हा. अक्का त्या दिवशी जेवली नाही.

अक्काच्या घराच्या माडीवर विद्याधर भाड्यानं राहायचा. पुण्याचा, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. इंजिनात कुठे नको ती थरथर असली तर ती शोधायची आणि मारायची, हे त्याचं काम. अक्का डाव्या हातानं विहिरीचं पाणी काढताना त्यानं पाहिलं. कारखान्यातले लोक दुखरी पाठ चाचणीच्या थरथरत्या टेबलाला टेकून उभे राहतात आणि सुस्कारा सोडतात, हेही त्यानं पाहिलेलं होतं. त्यानं दोन्हीची सांगड घातली.

त्यानं एका जुन्या टेबलफॅनची पाती काढली आणि मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड लोखंडी तुकडा बसवला, म्हणजे मोटर फिरली की मुद्दाम थडथडायला लागेल. आख्खी नोकरी ज्या दोषाच्या मागे काठी घेऊन लागला, तो दोष त्यानं इथे हातानं घडवला. मोटर जाड फळीवर उभी केली आणि तिला रुंद पट्टा जोडला. पट्टा खांद्यावरून घ्यायचा, पाठ थोडी मागे रेलायची, बटण दाबायचं. सारा खांदा चाळणीतल्या रव्यासारखा हलायचा.

चूक झाली ती पट्ट्यात. म्हाताऱ्या बाईच्या उघड्या खांद्याला कॅनव्हास टोचेल म्हणून विद्याधरनं स्वतःच्या नव्या होल्डॉलचा मऊसूत चामड्याचा पट्टा कापला. त्याची बायको प्रमोदिनी हिनं वरून फ्लॅनेलची खोळ शिवली. सोवळ्यातल्या बाईच्या अंगाला चामडं लावतो आहोत हे दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. पुण्याच्या त्यांच्या घरात सोवळं आजीबरोबरच गेलं होतं.

अक्काला मात्र पहिल्याच पहाटे कळलं. जिला वासावरून मीठ कळतं तिला खोळीतलं चामडं कळणार नाही होय? बटणावर बोट ठेवून ती क्षणभर थांबली. मग तिनं बटण दाबलं. त्यानंतर रोज पहाटे ती पाव तास पट्टा घ्यायची, थंड पाण्यानं डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच ओल्या आलवणानं बाकीच्या कामाला लागायची. कुणाला काही सांगितलं नाही.

पट्ट्यानं दुखणं सैलावलं की ती न्हाणीघराच्या भिंतीवर बोटांनी चढायची, वितीनं वीत, आणि जिथवर हात पोचेल तिथे कोळशानं रेघ ओढायची. पहिल्या महिन्यात रेघा एकमेकींवरच पडल्या. दुसऱ्या महिन्यात बोटभर अंतर पडलं. एका सकाळी हात डोक्याच्या वर गेला तेव्हा ती न्हाणीघरात एकटीच मनसोक्त रडली. श्रावण आला तेव्हा शेवटची रेघ खुंटीच्या उंचीला टेकली होती. तिनं आप्पाजींना निरोप धाडला की या आराधनेचा सारू मी करणार.

आराधनेच्या आदल्या सकाळी खोळ धुऊन दोरीवर वाळत घातलेली होती आणि उघडा पट्टा पडवीत पडला होता. आप्पाजी बोलायला म्हणून घरी आले. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, यात आप्पाजींचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. त्यांनी पट्टा पाहिला, काठीच्या टोकानं उलटून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मठाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

आत अहल्या चूल पेटवून अवघडून उभी होती. मागे चार-पाच आचारी. आप्पाजींनी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं की वैनींच्या अंगाला सहा महिने चामडं लागतं आहे, तेही यंत्राचं. तरी मार्ग होता, ते काही निष्ठुर नव्हते. वैनींनी पंचगव्य घ्यावं, यंत्र सोडल्याची शपथ घ्यावी आणि चुलीशी बसावं. यंत्र सुटलं की खांदा पुन्हा धरेल, हे त्यांना ठाऊक होतं. अक्कालाही ठाऊक होतं.

तिनं आधी विचारलं की आज भजनात मृदंग वाजणार आहे ना, त्याला काय केळीचं पान मढवलंय का? मागे कुणीतरी हसू दाबलं. आप्पाजी म्हणाले की देवाचं वेगळं, बाईच्या अंगाचं वेगळं.

"सरी, ठीक," अक्का म्हणाली. "मग अंगाचंच बोलू. मला पाटावर बसवलं तेव्हा तुम्ही सोळा वर्षांचे होता, आप्पाजी. खांबाला टेकून उभे होता. न्हाव्यानं वस्तरा कशावर परजला होता?"

उत्तर तिनंच दिलं.

"पायाच्या अंगठ्यात अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर. दहा वेळा खाली, दहा वेळा वर. मोजत होते मी, दुसरं काय करणार होते? तोच वस्तरा माझ्या डोक्यावरून फिरला आणि तुम्ही सगळे म्हणाला, आता ही शुद्ध झाली. मी नको म्हणत होते तेव्हा लागलेलं चामडं चाललं. मला हवं म्हणून लावलं ते बाटवतं? पंचगव्य घेणार नाही. यंत्र सोडणार नाही. स्वल्प बाजूला व्हा, हंडा तापलाय."

आचाऱ्यांपैकी एकानं मान खाली घातली. अहल्येच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं काहीतरी आप्पाजी पुटपुटले, पण पुटपुटताना त्यांचा पाय उंबऱ्यावरून मागे आला होता. अक्का आत गेली. टाचा न उचलता तिनं उजवा हात सरळ वर नेला आणि खुंटीवरचा डाव काढला. खांद्यातून कळ गेली, ती तिनं कुणाला दिसू दिली नाही.

त्या दिवशी तीनशे दहा पानं उठली. आप्पाजींनी पित्ताचं निमित्त करून पहिली पंगत चुकवली, दुसरीही चुकवली. तिसऱ्या पंगतीला, दुपारी तीन वाजता, ते कोपऱ्यातल्या पानावर बसले आणि त्यांनी सारू दोनदा मागून घेतला. अहल्येनं वाढला आणि आत येऊन अक्काला सांगितलं. अक्का नुसती हं म्हणाली.

संध्याकाळी गल्लीभर झालेली गोष्ट विद्याधरच्या कानावर गेली. तो तोंड पाडून खाली आला. सुती निवारीचा जाड, स्वच्छ पट्टा त्यानं सोबतच आणला होता.

"अक्का, सॉरी. मला खरंच सुचलं नाही. पाच मिनिटांत बदलतो."

"बदलायचा नाही," अक्का म्हणाली. "सुचलं नाही म्हणूनच बरं झालं."

पुढे नऊ वर्षं ती चुलीशी होती, आणि नऊ वर्षं पहाटे त्या पडवीतून मोटरची घरघर ऐकू यायची. दर शनिवारी ती पट्ट्याला एरंडेल चोळायची आणि उन्हात ठेवायची, मागच्या अंगणात नव्हे, पुढच्या दाराशी, मठात जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. प्रमोदिनीनं शिवलेली खोळ धुऊन घडी करून तिनं परत दिली होती. ती पुन्हा कधी घातली नाही.