सोनकेशी, बहुधा

चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो माशा बघत बसे. बघत, मारत नव्हे. पण हा फरक त्याच्या बायकोला कधी पटला नाही. "लोक दुकानात बसून माशा मारतात, आमचे हे त्यांची जनगणना करतात," असं ती येईल त्याला सांगे. चष्म्यांच्या जुन्या डब्यांत, कापसावर निजवलेल्या एकशे चौदा जाती त्याच्यापाशी होत्या, आणि वहीत प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने एकच शब्द: बहुधा. फार पूर्वी त्याने मोठ्या तोऱ्यात आपली यादी संग्रहालयाला पाठवली होती. ती परत आली तेव्हा निम्म्याहून जास्त नावांवर काट मारलेली होती. तेव्हापासून हा माणूस छातीठोकपणे म्हणून काही बोलत नसे.

त्याची धाकटी बहीण दातांच्या दवाखान्यात साफसफाई करायची. बारा वर्षं करत होती, आणि कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे. नेमक्या माशाच तिच्या मुळावर आल्या. थंडी पडली तशा रोज सकाळी खिडकीशी वीस-पंचवीस करड्या माशा मरून पडलेल्या दिसू लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठेतरी घाण कुजतेय. सोमवारपर्यंत हे थांबलं नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल.

शनिवारी बहिणीने कागदाची पुडी भावापुढे ठेवली. "दादा, या घाणीतल्या आहेत का, तेवढं सांग. आणि बहुधा म्हणू नकोस."

त्याने भिंग डोळ्याला लावलं. पंख एकावर एक मिटलेले. त्याच्या मनात एक जात आली, जिला तो सोनकेशी म्हणे. तिचा घाणीशी काही संबंध नाही. तिच्या अळ्या मातीतल्या गांडुळांवर पोसतात आणि थंडीत ती उबेसाठी घरात शिरते. पण तिची खरी खूण म्हणजे पाठीवरचे कुरळे सोनेरी केस, आणि पुडीतल्या झाडून सगळ्या माशांच्या पाठी तुळतुळीत.

"तू यांचं केलंस तरी काय?"

"काय करणार? ओल्या फडक्याने रगडून पुसून काढल्या."

"केस गेले गं सगळे. मला तुझा हात न लागलेली माशी हवी."

सोमवारी दवाखाना उघडण्याआधी दोघं शोधायला लागली. खिडकीतल्या त्या दिवशीच्या माशा बहिणीने सवयीने आल्या आल्याच पुसून टाकल्या होत्या. खुर्च्यांखाली, कपाटांवर, पडद्यांच्या चुण्यांत, दिव्यामागे. कुठे माशी नाही, कुठे धूळ नाही. बहिणीच्या चोखपणाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. काय शोधताय म्हणाल्या, तर हा म्हणाला, माशी. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बाई, हिचा हात पोचत नाही अशी इथे एखादी जागा आहे का?" त्याने विचारलं.

 बहिणीने हळूच भिंतीकडे बोट केलं. तिथे बाईंच्या पदवीची मोठी फ्रेम होती. काच फुटेल म्हणून तिला कोणी हात लावायचा नाही, असा त्यांचाच हुकूम होता.

बाईंनी ती स्वतः उतरवली. मागे धुळीत तीस-चाळीस माशा थंडीने सुस्तावून दाटीवाटीने बसल्या होत्या. त्याने एक अलगद उचलून खिडकीशी नेली. पाठीवर सोनेरी केसांची दाट लव होती. त्याने बाईंच्या हातात भिंग दिलं आणि गांडुळांपासून सगळं सांगितलं.

"बाहेरून येतात. खिडकीच्या फटी बुजवा, थांबेल."

"म्हणजे घाण नाही? नक्की?"

तो शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. बहिणीने झाडू दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"नक्की," तो म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. ती जवळच्या पेशंटच्या खुर्चीत बसली. बारा वर्षांत पहिल्यांदाच. बाईंनी फ्रेमच्या पाठीवरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट बघितलं आणि गुपचूप स्वतःच्याच कोटाला पुसलं.

थोड्या वेळाने बहीण उठली आणि फडकं घेऊन आली.

"आता लावू का हात, बाई?"